तीन-दोन आणि तीन विजारी

आमच्या गावात कुणालाही "काय, कसं चाललंय?" असं विचारलं तर "बरं आहे" असं उत्तर मिळत नाही. "तीन-दोन," म्हणतात. म्हणजे तीन फूट दोन इंच. म्हणजे काल होतं तेच आज आहे, उद्याही तेच असेल, काळजी नको. गुडघा कसा आहे? तीन-दोन. सासू-सुनेचं कसं काय? तीन-दोन. एकदा आमच्या सुतारानं परगावच्या पाहुण्यांना त्यांच्या होऊ घातलेल्या जावयाबद्दल "पोरगा एकदम तीन-दोन आहे" असं मोठ्या विश्वासानं सांगितलं. पाहुण्यांना ती त्याची उंची वाटली आणि ठरत आलेलं लग्न फिसकटलं. तो पोरगा अजून सुताराशी बोलत नाही.

ही उंची आमच्या नदीची. गावाच्या वर मैलभरावर एका कातळाखालून झरे फुटतात आणि तिथूनच ती चालू लागते. बाकीच्या नद्यांसारखी ही ढगांच्या तोंडाकडे बघून जगत नाही. उन्हाळ्यात आटत नाही, पावसात माजत नाही. फार तर केसभर चढते, कुणाला कळूही नये इतकी, आणि दोन दिवसांच्या पाहुण्यासारखी आल्या वाटेनं परत जाते. पाणी उन्हाळ्यात गार लागतं आणि थंडीत कोमट, म्हणजे पाणी तेच असतं, बदलतो आपण. आणि निवळ इतकं की तळाचे गोटे मोजून घ्यावेत. पुलाखाली दगडी पायऱ्या आहेत, त्यांच्या कडेला फूट आणि इंच रंगवलेली एक लोखंडी पट्टी रोवलेली आहे. रोज सकाळी आठ वाजता त्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं, एवढ्या कामासाठी पाणी मोजणाऱ्या खात्यानं एक माणूस नेमला होता. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागतं. आम्ही त्याला तीन-दोनच म्हणायचो.

माणूस उंच, किडकिडीत, मान पुढे काढून चालणारा. आपल्या नदीवर दोन राखी बगळे आहेत, एक पंखांचा आणि एक खात्याचा, असं मी म्हणायचो. माझं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान पुलाच्या तोंडाशीच असल्यामुळे दोन्ही बगळे मला खिडकीतून दिसत. एकाच वेळी उभे राहत, एकाच वेळी मान वळवत. फरक इतकाच की पंखांच्या बगळ्याला कधी ना कधी मासा मिळायचा.

सव्वीस वर्षं त्यानं वहीत तोच आकडा लिहिला. एकही खाडाखोड नाही. ह्याचा त्याला असा काही अभिमान, की पाहुणे आले की लोक लग्नाचे फोटो दाखवतात तशी हा वही दाखवायचा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, चहाचा ट्रे आपटत म्हणायच्या, "नदी बदलत नाही आणि माझा नवराही बदलत नाही. एकीवर तरी लक्ष ठेवायला माणूस नेमलाय. मला कुणी नेमलंय?" मी म्हणायचो, वहिनी, तुम्ही बिनपगारी आहात. तर म्हणायच्या, "भावोजी, तुम्ही चहा घ्या आणि गप्प बसा." मी दोन्ही गोष्टी करायचो, पहिली मनापासून.

आता वहीचं गुपित सांगतो. आता सगळ्यांनाच माहीत झालंय, त्यामुळे ही चहाडी धरू नये.

वहीत प्रत्येक तारखेपुढे दोन रकाने. एक आकड्याचा, एक शेऱ्याचा. शेऱ्याचा रकाना खात्यानं ठेवला होता तो 'पट्टीचा रंग उडाला' वगैरे कळवण्यासाठी. तीन-दोन त्यात काय लिहायचा? 'खंड्याने मासा दगडावर आपटून आपटून मारला. मग खाल्लाच नाही. रागावला असावा.' 'धोबी पक्षी परत आला. गेल्या वर्षीच्याच दगडावर. शेपटी हलवून ओळख दिली.' 'पाणकणसं फुटली. सगळ्या काठाला म्हाताऱ्या झाल्या.' आणि महिन्यातून एकदा तरी हे: 'ओल्या वाळूत पाणमांजराची पावलं. दगडावर विष्ठा, तीत खेकड्याचं कवच. स्वतः भेटले नाही.'

हे पाणमांजर गावात कुणीही पाहिलेलं नव्हतं. खुद्द त्यानंही नाही. अकरा वर्षांपूर्वी, अशीच पानगळ सुरू होती, हा पायरीवर बसून तीन-दोन लिहायला मान खाली घालतो आणि समोर 'डुबुक्' होतं. वर बघतो तर पाण्यावर फक्त वलयं, आणि त्यांच्या पुढे जाणारी बुडबुड्यांची एक रांग. दोन अक्षरं लिहिण्यापायी ते चुकलं. त्या दिवशी ह्या गृहस्थानं शपथ घेतली की नदीवर पुन्हा मान खाली घालायची नाही. मग आकडा कधी लिहायचा? तर रविवारी जेवण झाल्यावर, घरी, टेबलावर, पुढच्या सोमवारपासूनचे सातही आकडे एकदम. तीन-दोन, तीन-दोन, तीन-दोन. शेरे मात्र रोजच्या रोज घरी येऊन, ताजे. आकडा बदलत नाही, पक्षी बदलतात, असा त्याचा हिशेब. मला हा हिशेब त्यानं स्वतः सांगितला होता आणि कुणाला सांगू नको म्हणाला होता. मी फक्त सुताराला सांगितलं.

त्या वर्षी पानगळीच्या सुरुवातीला, एका शनिवारी, खात्याचं पत्र आलं. येत्या शुक्रवारी इंजिनिअर बाई पाहणीला येतील, वही तपासतील आणि 'सदर जागा पुढे चालू ठेवावी किंवा कसे' ते ठरवतील. पत्र वाचून तीन-दोनचा चेहरा उतरला. निवृत्तीला चार वर्षं होती. पण त्याला काळजी घरात बसावं लागण्याची नव्हती, घरात वहिनींसमोर बसावं लागण्याचीही नव्हती, असं तो म्हणाला. सकाळी आठ वाजता नदीवर जायला कारण राहणार नाही, ही काळजी. मी म्हटलं, अरे, नदी काय खात्याची आहे, असाच जाऊन बस. तर म्हणतो, "बिनकामाचा माणूस नदीकाठी रोज दोन तास बसला तर लोक त्याला वेडा म्हणतात. काम असलं की साहेब म्हणतात." ह्यात चूक काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. एवढं पत्र आलेलं, तपासणी डोक्यावर, आणि ह्यानं जेवण झाल्यावर सवयीनं वही काढली आणि सोमवार ते रविवार सात आकडे लिहून टाकले. तेही नेहमीपेक्षा सुबक अक्षरात, कारण बाई बघणार होत्या.

त्या दिवसांत नदीकडे सकाळी जाऊन बघावं. हवा गार, पाणी कोमट, त्यामुळे नदीवर दुधाच्या पातेल्यासारखी वाफ धरलेली असते. वाळुंजाची झाडं पिवळी झालेली, वारा नसतानाही एकेक पान गिरक्या घेत खाली. लव्हाळ्यांवर कोळ्यांची जाळी, जाळ्यांवर दवाचे मणी. शेवटचे चार-दोन चतुर ऊन येण्याची वाट बघत काड्यांना चिकटलेले. काठचा रानपुदिना पायाखाली आला की गुडघ्यापर्यंत वास. अशा वेळी तीन-दोन रबरी बूट घालून खालून चौथ्या पायरीवर बसायचा. पाणी पायरीच्या जेमतेम खाली असायचं. सव्वीस वर्षांची बैठक, तिथला दगडही त्याच्या आकाराचा झाला होता.

सोमवारी तो घरी आला तेव्हा खात्यानं दिलेली त्याची खाकी विजार बुडाशी ओली होती. वहिनींनी विचारलं. म्हणाला, दव पडलंय. मंगळवारी जरा जास्त ओली. म्हणाला, आज दव फार होतं. वहिनींनी विजार उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "दव वरून पडतं. हे खालून लागलंय." मग ती विजार त्यांनी सोमवारच्या विजारीशेजारी खिळ्याला अडकवली. धुतली नाही. खरं काय ते कळल्याशिवाय ह्या घरात विजार धुतली जाणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. वहिनींना नक्की कसला संशय होता ते मी विचारलं नाही. मला तीन निरनिराळे संशय सुचले होते, पण ते माझे.

बुधवारी काय झालं, तर हा वाफेतून पलीकडच्या काठाकडे बघत नेहमीसारखा चौथ्या पायरीवर टेकला. पाणकोंबडी लव्हाळ्यांतून डोकं काढत होती, तिच्याकडे लक्ष. पाणी आपलं निवळ, पायरीवर पाणी आहे की नाही ते दिसत नाही. कोमट, म्हणून चावत नाही. पायांत रबरी बूट, म्हणून कळत नाही. आणि मग वाळुंजाचं एक पिवळं पान तरंगत तरंगत आलं आणि त्याच्या मांडीजवळ थांबलं. त्यानं ते उचललं, बाजूला टाकलं. ते परत आलं. तेव्हा ह्याच्या डोक्यात उजेड पडला की पान मांडीपाशी तरंगतंय म्हणजे मांडी पाण्यात आहे.

उठून पट्टी पाहिली. तीन फूट सात इंच.

तो माझ्या दुकानात आला तेव्हा त्याच्या विजारीतून पाणी ठिबकत होतं. मी आधी घड्याळं उचलून वर ठेवली, मग त्याला बसायला स्टूल दिलं. सगळं ऐकून घेतलं. वहीत सोमवार ते बुधवार तीन-दोन. नदीवर तीन-सात. परवा बाई येणार. वहीच्या मागच्या पानावर ठळक छापलेलं की आकडा गिरवू नये, खाडाखोड केल्यास कारण लिहून सही करावी. कारण काय लिहिणार? 'न बघता लिहिले'?

"पाणी उतरलं पाहिजे," तो म्हणाला. "शुक्रवारच्या आत."

लोक नदी बघून वही दुरुस्त करतात. हा पहिलाच माणूस, वही बघून नदी दुरुस्त करायला निघालेला.

झऱ्याचा जोर एकाएकी वाढत नाही, म्हणजे पाणी खाली कुठेतरी तुंबलेलं असणार. सुताराला बोलावलं. तो करवत आणि कुऱ्हाड घेऊन आला, मी सल्ले घेऊन आलो, आणि आम्ही तिघे दुपारी काठाकाठानं खाली निघालो. तीन-दोनला घाई होती, तरी दर दहा पावलांवर थांबायचा. हे बघ, इथे खंड्याचं बीळ. हे बघ, पाणवेली सुटायला लागल्या. पानगळीत आमच्या नदीतल्या पाणवेली मुळांपासून सैल होतात आणि हिरव्या चटयांसारख्या वाहत जातात. सुतार म्हणाला, "तुमची नोकरी चाललीय की शाळेची सहल?"

मैलभर खाली नदी वळते तिथे कारण सापडलं. वाळुंजाचं एक जुनं झाड आडवं पडलं होतं, अर्धं पाण्यात. त्याच्या फांद्यांना सुटलेल्या पाणवेली अडकलेल्या, वेलींत लव्हाळी, लव्हाळ्यांत पानं, पानांवर टिकल्यांसारखं बारीक हिरवं शेवाळ. सगळा मिळून एक ओला, पिवळा-हिरवा बांध. सुतारानं दोन फेऱ्या मारून पाहिलं आणि बोट दाखवलं. ती मधली जाड फांदी. ती कापली की सगळं सुटेल आणि संध्याकाळपर्यंत पाणी खाली. तीन-दोननं सुस्कारा टाकला. सुतारानं धोतराचा, म्हणजे आपलं ते पँटचा, काचा मारला आणि कुऱ्हाड उचलली.

आतून शीळ आली.

बारीक, टोकदार. पक्ष्याची नव्हे. तीन-दोननं सुताराचा हात वरच्या वर धरला. पाण्याजवळच्या पोकळीतून एक चपटं डोकं बाहेर आलं, मिशांवर पाण्याचे थेंब. आमच्याकडे पाहिलं. आपल्याला दाराशी कुणी फेरीवाला दिसला तर आपण बघू, तसं. मग मागून आणखी दोन डोकी, निम्म्या आकाराची. त्यातलं एक आईच्या अंगावर चढलं आणि घसरून पाण्यात पडलं.

मी तीन-दोनकडे पाहिलं. मला थट्टा करायची सवय आहे, पण त्या वेळी मी करू शकलो नाही, हे नोंदवून ठेवतो. तो माणूस तोंड उघडं टाकून उभा होता आणि त्याच्या हातात अजून कुऱ्हाडीसकट सुताराचा हात होता.

पिल्लं परत आत गेल्यावर सुतार हळू आवाजात म्हणाला, "एक फांदी आहे हो. चार घाव."

"नाही."

"नोकरी जाईल."

"अकरा वर्षं मी ह्यांच्या दारात बसलोय," तीन-दोन म्हणाला. "आज ते घरात सापडले, तर घर मोडू?"

परत येताना सुतारानं एक गोष्ट सांगितली ती आणखी वाईट होती. पाणी का चढलं हे खात्याला कळलं तर खातं स्वतःच माणसं पाठवून बांध उपसेल, त्यांचा तसा नियमच असतो. म्हणजे आता आकडा खरा सांगायचा तर कारण लपवायचं, आणि कारण सांगायचं तर पिल्लांचं घर जायचं. तीन-दोन घरी गेला आणि शेऱ्याच्या रकान्यात त्याच्याच्यानं राहवलं नाही. त्यानं लिहिलं, 'आले. तिघे.'

तिसरी विजारही वहिनींनी खिळ्याला लावली. गुरुवारी ह्याला घालायला विजार उरली नाही, म्हणून मी माझी दिली. मी त्याच्यापेक्षा टीचभर बुटका. माझी विजार त्याच्या पोटऱ्यांवर संपत होती. त्याच दिवशी त्यानं वहिनींना सगळं खरं सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे नदीच होती?" तो म्हणाला, नदीच होती. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी घासू लागल्या. त्या घासलेलीच भांडी घासत होत्या, असं तीन-दोननं मला सांगितलं.

शुक्रवारी पहिल्या बसनं इंजिनिअर बाई उतरल्या. वय तिशीच्या आतबाहेर, पाठीवर पिशवी, पायात रबरी बूट. नमस्कार-चमत्कार काही नाही, तडक पायऱ्या उतरून पट्टीपाशी. मी आणि सुतार पुलाच्या कठड्यावर टेकलो होतो. मी दुकान उघडलंच नव्हतं. अशा दिवशी घड्याळं बंद असलेलीच बरी.

"तीन-सात," बाई म्हणाल्या आणि वही मागितली. शुक्रवारच्या रकान्यात सुबक अक्षरात तीन-दोन. बाईंनी नदीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, मग बोट एक ओळ खाली सरकवलं.

"हे उद्याचं?"

तीन-दोन माझ्या आखूड विजारीत उभा. घाबरण्याच्या नादात शनिवार-रविवारचे आकडेही लिहिलेले आहेत हे तो साफ विसरला होता.

"परवाचंही आहे," बाई म्हणाल्या.

मग त्यानं सांगून टाकलं. रविवारी लिहितो, आठवड्याचे एकदम, अकरा वर्षं. बाईंना धक्का वगैरे बसला नाही. त्या म्हणाल्या, सात आकडे एका वळणाचे असतात आणि सात शेरे सात तऱ्हांचे, एवढं ऑफिसात कुणालाही दिसतं. आजवर पट्टीनं साथ दिली म्हणून चाललं. पण आता पाणी चढलंय. कोणत्या दिवशी किती चढलं ते ह्या वहीवरून कळलं पाहिजे. कळलं नाही तर त्या सही करणार नाहीत, आणि सही नाही तर जागा बंद, कागद पिशवीत तयार आहे.

"बुधवारी तीन-सात. मी पाहिलं. कालही तीन-सात."

"सोमवारी?"

तीन-दोननं मान खाली घातली. नदीवर अकरा वर्षांनी पहिल्यांदा. "सोमवारी... दमट होतं," तो म्हणाला. "मंगळवारी जास्त दमट."

आणि तेवढ्यात वरून वहिनींचा आवाज आला, जरा बाजूला व्हा भावोजी. वहिनी पायऱ्या उतरत होत्या, हातावर तीन विजारी, साडीच्या दुकानात शालू टाकतात तशा. त्यांनी त्या एकेक करून कोरड्या पायरीवर पसरल्या, बुडाची बाजू वर.

"ही सोमवारची. ही मंगळवारची. ही बुधवारची," वहिनी म्हणाल्या. "एकही धुतलेली नाही."

प्रत्येक विजारीवर हिरवी रेघ होती. त्या टिकल्यांसारख्या शेवाळाची. पाण्यावर तरंगतं ते, पाणी जिथवर आलं तिथवरच चिकटतं. सोमवारी दोन बोटं, मंगळवारी त्याहून वर, बुधवारी थेट खिशाच्या तोंडाशी.

बाई वाकल्या. पिशवीतून टेप काढली. मग त्यांनी तीन-दोनला सांगितलं की रोज बसता तसे बसा. तो पाण्यात बसला, माझी विजार घालून. बाईंनी पायरीची उंची पट्टीशी ताडून पाहिली, मग विजारींवरच्या रेघा मोजल्या, कापड पाणी वर ओढतं म्हणून ओल धरायची नाही, रेघ धरायची, असं स्वतःशीच पुटपुटत. वहिनी विजार ताणून धरत होत्या. "जरा सैल सोडा, अंगावर असते तशी," बाई म्हणाल्या. वहिनी म्हणाल्या, "अंगावर ती सैलच असते, त्यांच्या अंगाला काही लागतच नाही." पुलावर आता बरीच मंडळी जमली होती. सव्वीस वर्षांत नदीचं माप घेताना इतके लोक कधी आले नव्हते.

सोमवार, तीन-चार. मंगळवार, तीन-साडेपाच. बुधवार, तीन-सात. बाईंनी आकडे सांगितले, तीन-दोननं जुन्यांवर एक आडवी रेघ मारली, शेजारी नवे लिहिले, खाली सही केली. सव्वीस वर्षांतली पहिली खाडाखोड.

आता बाईंनी तो प्रश्न विचारला ज्याची आम्ही वाट बघत होतो. पाणी चढलं कशानं?

"झऱ्याचा जोर असेल," तीन-दोन म्हणाला. खोटं बोलायची त्याला बिलकूल सवय नाही. आकड्यांचं सोडून. कान लाल झाले. बाईंचं बोट बुधवारच्या शेऱ्यावर होतं.

"कोण आले तिघे?"

"पाहुणे."

"कुणाकडे?"

सुतार आकाशाकडे बघू लागला, म्हणजे ज्याला कळायचं त्याला कळलं. बाईंनी वही मिटली आणि हळूच म्हणाल्या, "सहा वर्षं झाली मला ह्या नोकरीत. दर महिन्याला तुमच्या वहीची नक्कल येते आणि जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे शेरे मोठ्यानं वाचतात. आकडे कुणी वाचत नाही. सहा वर्षं मी ऐकतेय, 'स्वतः भेटले नाही.'" मग विचारलं, "भेटले?"

तीन-दोननं मान हलवली.

"चला."

आम्हाला येऊ दिलं नाही. दोघेच गेले. ती बाई लव्हाळ्यांत चिखलात दोन तास बसली होती, हे मला नंतर कळलं. दुपारी परत आल्या तेव्हा त्यांच्या विजारीवरही हिरवी रेघ होती आणि बस निघून गेली होती. वहिनींनी जेवायला वाढलं. जेवताना बाईंनी कागदावर काय लिहिलं ते मी पाण्याचा तांब्या देण्याच्या निमित्तानं वाचून घेतलं. अडथळा नैसर्गिक. पाणी पुलाच्या कमानीपासून बरंच खाली. उपसण्याची निकड नाही.

पंधरा दिवसांनी खात्याची दोन पत्रं आली. पहिल्यात ठपका. आकडे आगाऊ लिहिल्याबद्दल सक्त ताकीद. दुसऱ्यात असं, की ज्याअर्थी सदर नदीची पातळी प्रथमच बदलली आहे, त्याअर्थी ती पूर्ववत तीन-दोन होईपर्यंत सदर जागा चालू ठेवावी. खाली एक ओळ: पुराव्यादाखल सोमवारची विजार ऑफिसात पाठवावी.

विजार गेली. पण वहिनींनी ती आधी गरम पाण्यात धुतली, निळीत काढली आणि कडक इस्त्री केली. मी म्हटलं, वहिनी, पुरावाच धुऊन टाकलात की. तर म्हणाल्या, "ऑफिसात मळकी विजार पाठवू? तिथे बाई बसते. ती काय म्हणेल, हिच्या घरात साबण नाही?"

आता पानं सगळी झडून गेलीत. पाणवेली वाहून संपल्या. धोबी पक्षी आपल्या दगडावर आहे. तीन-दोन आता पाचव्या पायरीवर बसतो, आधी पट्टी बघतो, आकडा लिहितो, मग मान वर करतो. रोज तीन-सात. अर्धा इंच इकडे नाही की तिकडे नाही. सुताराचं म्हणणं असं, की एव्हाना तो बांध कुजून थोडा तरी ढिला व्हायला हवा होता आणि पाणी उतरायला हवं होतं. मी काही म्हणत नाही. मी फक्त दर रविवारी जेवण झाल्यावर, जेव्हा पूर्वी वही निघायची त्या वेळेला, तीन-दोनला काखेत वाळुंजाच्या ओल्या काटक्या घेऊन खालच्या वळणाकडे जाताना बघतो. त्यानं नोकरीसाठी नेल्या की पिल्लांसाठी, हे मी विचारलेलं नाही. पण मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस आहे. आपोआप चालणारी वस्तू कोणती आणि किल्ली दिलेली कोणती, एवढं मला आवाजावरून कळतं.